गावठी डुकराच्या आहाराचा हिशेब

डुकराचे पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याच्या शरीरात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते. वाढत्या अंगाला पुरेल इतके रक्त तयार करायचे तर त्याला रोज जवळजवळ ७ मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून मिळते ते दिवसाला कसेबसे १ मिलिग्रॅम. म्हणजे रोज ६ मिलिग्रॅमची तूट आली. आता ५० ला ६ ने भागा. आठ-नऊ दिवसांत जन्माची शिल्लक संपते.

ही नुसती कागदावरची वजाबाकी नाही. स्वच्छ सिमेंटच्या गोठ्यात, पोटभर दूध पिणारी, दिसायला गुटगुटीत पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढरीफटक पडतात, धापा टाकू लागतात आणि त्यांतली काही मरतात. रोग म्हणावा तर जंतू सापडत नाही. कारण असते रक्तक्षय. आणि त्याच वयाची, त्याच वजनाची, गावाबाहेरच्या चिखलात आईमागे लुडबुडणारी पिल्ले मात्र टवटवीत असतात!

मग चिखलातल्या पिल्लांना लोह मिळते कोठून? उत्तर चिखलातच आहे. डुकराचे पिल्लू दोन-तीन दिवसांचे झाले की नाकाने माती उकरू लागते आणि थोडी माती त्याच्या पोटात जाते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या तांबड्या जांभ्या मातीला तिचा रंगच मुळी लोहाच्या ऑक्साइडांमुळे आलेला आहे. अशा मातीत वजनाचा दहावा भाग लोह आहे असे धरले, तर एक ग्रॅम मातीत १०० मिलिग्रॅम लोह झाले. हे लोह गंजाच्या रूपात असल्यामुळे त्यातले फारच थोडे रक्तात उतरते हे खरे. पण पिल्लू काही दिवसातून एकच ग्रॅम माती खाऊन थांबत नाही. लाखो वर्षे डुकराची पिल्ले मातीतच जन्मत आली. आईच्या दुधात लोह कमी असले तरी त्यांचे अडले नाही, कारण उरलेली भर जमीन घालत होती. आपण सिमेंट ओतले आणि ती भर बंद केली.

या लेखाचा विषय आहे तो नेमका हा. मोकळे फिरणारे गावठी डुक्कर आपल्या आहाराचा हिशेब स्वतः पुरा करते. त्याला कोंडले की तो हिशेब आपल्या गळ्यात येऊन पडतो. आणि आज त्याला कोंडण्यावाचून गत्यंतर नाही, ते का हेही पुढे पाहू.

गावठी म्हणजे कोणते?

‘गावठी’ हा शब्द आपण उगाचच हिणवून वापरतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतात ९० लाख ६० हजार डुकरे मोजली गेली. त्यांपैकी सुमारे ७१ लाख ६० हजार देशी होती. विदेशी आणि संकरित मिळून १९ लाखच. देशातील सर्वांत जास्त डुकरे आसामात आहेत. देशी डुकरांतही जाती आहेत. उत्तर बंगालमधील, भरपूर पिल्ले देणारी घुंगरू, मेघालयातील नियांग मेघा, नागालँडमधील तेन्यी वो, मिझोराममधील झोवाक, निकोबार बेटांवरील निकोबारी, आणि आपल्या शेजारची म्हणजे गोव्याची अगोंदा गोवन. काणकोण तालुक्यातील आगोंद या समुद्रकाठच्या गावाचे नाव या जातीला मिळाले आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी जातींच्या नोंदवहीत तिची रीतसर नोंद केलेली आहे.

अगोंदा गोवन डुक्कर बहुधा काळे, अंगाने आटोपशीर. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला आणि नाताळाला सोरपोतेल लागते, पावसाळ्यासाठी चोरीसाच्या माळा लागतात. त्यामुळे परसात एक-दोन डुकरे पाळण्याची चाल तेथे जुनी आहे. त्यांचे खाणे म्हणजे घरातील उष्टेखरकटे, भाताचा कोंडा, पेजेचे पाणी, मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी-आतडी, फणसाची चारखंडे, आणि मार्च ते मे या हंगामात काजूची बोंडे. याखेरीज ते दिवसभर हिंडून जे मिळवील ते.

हा खुराक पाहून कोणीही म्हणेल की असल्या खाण्यावर डुक्कर वाढणार तरी किती? विदेशी यॉर्कशायर डुक्कर चांगल्या खुराकावर सहा महिन्यांत ९०-१०० किलो भरते. गावठीला त्याच्या निम्म्याने वजन गाठायलाही त्याहून जास्त काळ लागतो. पण ‘गावठी हळू वाढते’ एवढे म्हणून थांबलो तर विज्ञान झाले नाही. त्याला लागते किती आणि मिळते किती, ते मोजायला हवे.

चौथ्या मुळाचा हिशेब

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला येथे रस वाटतो तो एका साध्या प्रश्नाने. प्राण्याचे वजन चौपट झाले तर त्याचा खुराक किती पट होईल?

चौपट, असे पहिले उत्तर येईल. ते चूक आहे. जिवंत शरीर उष्णता सतत बाहेर टाकते आणि ती पृष्ठभागातून जाते. पृष्ठभाग लांबीच्या वर्गाने वाढतो, वजन लांबीच्या घनाने. म्हणून मोठ्या प्राण्याला दर किलो वजनामागे कमी अन्न पुरते. जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुबनर याने १८८३ मध्ये लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजमापे करून हे मांडले. पुढे १९३२ मध्ये माक्स क्लायबर याने कबुतरापासून बैलापर्यंतचे आकडे एकत्र करून दाखविले की ऊर्जेची गरज वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात असते. पृष्ठभागाच्या हिशेबाने घात दोन-तृतीयांश यायला हवा होता. तो तीन-चतुर्थांश का आला याबद्दल शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. आपल्याला तूर्त आकड्याशी काम.

तीन-चतुर्थांश घात ऐकून घाबरू नका. वजनाचे वर्गमूळ काढा, त्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि जे येईल त्याचा घन करा, झाले. १६ किलोच्या पिल्लासाठी १६ चे वर्गमूळ ४, त्याचे २, आणि २ चा घन ८. डुकराला वजन न वाढवता नुसते जिवंत, उभे राहायला या संख्येच्या सुमारे १०६ पट किलोकॅलरी रोज लागतात. पिल्लाला ८ गुणिले १०६, म्हणजे सुमारे ८५० किलोकॅलरी. गावठी डुकरीण ८१ किलोची धरू (हा आकडा वर्गमूळ सोपे यावे म्हणूनच घेतला आहे). ८१ वरून ९, मग ३, घन २७. गरज सुमारे २८६० किलोकॅलरी. आणि २५६ किलोची भरगच्च विदेशी डुकरीण घेतली तर २५६, १६, ४, घन ६४. गरज सुमारे ६७८० किलोकॅलरी.

दर किलो वजनामागे पाहिले तर पिल्लाला ५३, गावठी डुकरिणीला ३५ आणि विदेशी डुकरिणीला २६ किलोकॅलरी लागतात. म्हणजे किलोमागे विदेशी डुकरीणच स्वस्त! हे पाहून पुष्कळजण गावठीला निकालात काढतात. पण गोव्यातल्या किंवा मेघालयातल्या एखाद्या घरात किलोमागचा दर कोणी पाहत नाही. तेथे रोज संध्याकाळी एक बादली भरते. घरात पाच माणसे असोत की सात, उष्टे, कोंडा, भाजीची देठे मिळून ती बादली फारशी मोठी होत नाही. चांगला कोंडा असेल तर एका किलोत साधारण २८०० ते ३००० किलोकॅलरी मिळतात. गावठी डुकरिणीचे नुसते जगणे त्या एका किलोत भागते. विदेशी डुकरिणीला त्यासाठीच सव्वादोन-अडीच किलो लागतात. पिल्ले पाजायची असली तर कितीतरी जास्त. एका बादलीत एक भागते, दुसरी उपाशी राहते. उपाशी मोठ्या जनावरापेक्षा पोट भरलेले लहान जनावर घराला परवडते. माझ्या मते गावठी जातींच्या आकाराकडे पाहताना ही बादली विसरता कामा नये.

‘चांगला कोंडा’ हा शब्द मुद्दाम वापरला. गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र मिसळून आला असेल तर त्यात ऊर्जा फार कमी असते. तूस म्हणजे सिलिका आणि काष्ठमय तंतू. डुकराला गाईसारखे चार कप्प्यांचे पोट नसते, तेव्हा तुसातून त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. शिवाय कोंड्यात तेल असते आणि ते तोडणारे विकरही असते, त्यामुळे कच्च्या तांदळाचा कोंडा थोड्याच दिवसांत खवट होतो. गोव्यात आणि कोकणात उकडे तांदूळ खातात. भात उकडताना हे विकर निकामी होते, म्हणून उकड्या तांदळाचा कोंडा जास्त टिकतो.

पोट भरते, पण…

आता पिल्लाकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे. १६ किलोचे पिल्लू रोज २०० ग्रॅमने वाढावे अशी आपली इच्छा आहे. ही सगळी वाढ स्नायूंची धरू. स्नायूंत तीन-चतुर्थांश पाणी आणि सुमारे २२ टक्के प्रथिन असते. २०० ग्रॅममध्ये प्रथिन झाले ४४ ग्रॅम. एक ग्रॅम प्रथिन अंगात साठवायला सुमारे १०.६ किलोकॅलरी खर्च येतो, म्हणजे ४६६. त्यात जगण्याचे ८५० मिळवा. एकूण सुमारे १३२० किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम चांगला कोंडा. मग अडचण कसली?

प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. डुकराला त्यांतली सुमारे दहा अन्नातूनच घ्यावी लागतात, त्याच्या शरीरात ती पुरेशी तयार होत नाहीत. तांदूळ, मका, ज्वारी अशा धान्यांत त्यांपैकी सर्वांत तोकडे पडते ते लायसिन. वीटभट्टीवर विटांचा ढीग आहे, पण चुना मोजकाच आहे. भिंत चुना पुरेल तेवढीच उभी राहते. तसेच हे. शरीरातील प्रथिनात लायसिनचे प्रमाण साधारण ७ टक्के असते. ४४ ग्रॅम प्रथिनात ३ ग्रॅम लायसिन बसले. पचनात आणि शरीराच्या झिजेत जाणारे धरून पिल्लाच्या तोंडात रोज सुमारे ५ ग्रॅम जायला हवे. कोंड्यात लायसिन असते अर्धा टक्का किंवा थोडे जास्त. ४५० ग्रॅम कोंड्यातून मिळाले अडीच ग्रॅम. बरोबर निम्मे!

मग पिल्लाला दुप्पट कोंडा घातला तर? तेवढा त्याच्या पोटात मावायला हवा, ही पहिली गोष्ट. मावला असे धरले तरी लायसिनबरोबर पिष्ट आणि तेलही दुप्पट गेले. ते फुकट जात नाही. त्याची चरबी होते. आणि येथे एक गमतीदार गणित आहे. चरबीच्या थरात पाणी अगदी थोडे असते. एक किलो चरबीचा थर अंगावर चढवायला साधारण १०,५०० किलोकॅलरी लागतात, एक किलो स्नायूंना २३००. म्हणजे तेवढ्याच खुराकात चरबी एक किलो चढते तर स्नायू साडेचार किलो चढू शकतात. गावठी डुकराच्या अंगावर चरबी फार, असे खाटीक आणि गिऱ्हाईक दोघेही म्हणतात. त्यात जातीचा भाग आहेच, पण निम्मा दोष कोंड्याच्या बादलीचाही आहे.

मोकळे डुक्कर ही तूट कशी भरून काढते? ते उकरते. पावसाळ्यात ओल्या मातीतून गांडुळे, हुमणी, गोगलगायी, कंद, मेलेले खेकडे असे काय वाटेल ते खाते. वाळवलेल्या गांडुळाच्या वजनात अर्ध्याहून अधिक प्रथिन असते आणि ते लायसिनने संपन्न असते. दिवसाकाठी थोडी गांडुळे मिळाली तरी चुन्याची मात्रा वाढते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. तेही त्याला या किड्यांतून, मातीतून आणि विष्ठेतून मिळते. डुक्कर विष्ठा खाते म्हणून आपण नाक मुरडतो. त्यामागे असेही एक रसायन आहे.

कोंडलेल्या डुकराला गांडुळे कोण आणून देणार? किनाऱ्यावर सोपा उपाय मासळीचा. सुक्या मासळीच्या भुकटीत लायसिन साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. ७० भाग कोंडा, २० भाग खोबऱ्याची पेंड आणि १० भाग मासळीची भुकटी असे मिश्रण करून पाहा. कोंडा आणि पेंड दोन्हींत लायसिन ०.५५ टक्के धरा. एकूण लायसिन येते सुमारे ०.९५ टक्के. नुसत्या कोंड्याच्या पावणेदोन पट, आणि आपल्या पिल्लाच्या ५ ग्रॅमच्या अगदी जवळ. पेंडेने प्रथिन वाढते पण लायसिन फारसे वाढत नाही, हे या उदाहरणात नीट पाहून ठेवा. ‘पेंड घालतो की आम्ही’ असे म्हणणाऱ्याचे पिल्लू का वाढत नाही ते त्यात आहे. मासळीची भुकटी मात्र बिनमिठाच्या मासळीची हवी. खारवलेली सुकी मासळी भरपूर घातली आणि पाणी कमी पडले, तर डुकराला मिठाची विषबाधा होते. ते आंधळ्यासारखे भिंतीवर डोके टेकून उभे राहते, त्याला झटके येतात. कोरड्या खाद्याच्या प्रत्येक किलोमागे दोन ते तीन लिटर पाणी हवेच. आणि कापण्यापूर्वी काही आठवडे मासळी बंद करावी, नाहीतर मांसाला तिचा वास येतो.

किनाऱ्यापासून दूर मासळी नाही. तेथे सोयाबीनची पेंड उपयोगी पडते. तिच्यातही लायसिन भरपूर असते. पण कच्चे सोयाबीन घालू नये. त्यात प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडविणारा पदार्थ असतो. तो उष्णतेने नाहीसा होतो. ईशान्य भारतात डुकरांना अळू उकडून घालतात तेही उगाच नव्हे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपल्याकडे घशाला खवखवते म्हणून आपण अळवाच्या फदफद्यात चिंच घालतो. डुकराच्याही घशाला तेच होते, फक्त ते सांगू शकत नाही.

लोह, जस्त आणि शिंपल्या

लोहाचे सुरुवातीला पाहिले. कोंडलेल्या पिल्लांना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन देतात. साधारण २०० मिलिग्रॅम लोह त्यातून मिळते. ते मिळत नसेल तर जुना उपाय म्हणजे जेथे डुकरे कधी फिरली नाहीत अशा जागेची स्वच्छ तांबडी माती रोज मूठभर गोठ्याच्या कोपऱ्यात टाकणे. ‘जेथे डुकरे फिरली नाहीत’ ही अट महत्त्वाची, नाहीतर लोहाबरोबर जंतांची अंडीही आत येतात. गावठी पिल्ले जन्मतः लहान असतात आणि हळू वाढतात, म्हणून त्यांना लोहाची निकड विदेशी पिल्लांइतकी नसते. पण निकड कमी आहे म्हणजे नाहीच असे नव्हे.

कोंड्याची आणखी एक खोड आहे. त्यात फॉस्फरस भरपूर, पण बहुतेक फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला. कॅल्शियम मात्र जवळजवळ नाही. हाडांसाठी कॅल्शियम हवे म्हणून चुना किंवा तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पूड खाद्यात घालतात. शंभर किलोला एखादा किलो पुरतो. चांगले आहे म्हणून कोणी मूठमूठ घातली तर? फायटेट आणि कॅल्शियम मिळून जस्ताला असे धरून ठेवतात की ते आतड्यातून रक्तात जातच नाही. डुकराच्या कातडीवर खपल्या धरतात, ती भेगाळते, वाढ खुंटते. अनेक वर्षे हा त्वचारोग समजून त्यावर मलमे लावली जात. १९५५ मध्ये टकर आणि सॅमन या अमेरिकन संशोधकांनी दाखविले की खाद्यात किंचित जस्त घातले की तो बरा होतो. उकरणाऱ्या डुकराला असे जस्त मातीतून सहज मिळते.

चिखलाचे काम

डुकराला घाम येत नाही म्हटले तरी चालेल, इतक्या त्याच्या घर्मग्रंथी निरुपयोगी असतात. खाल्लेल्या ऊर्जेची शेवटी उष्णताच होते. आपल्या ८१ किलोच्या डुकरिणीने दिवसाला २८६० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकली पाहिजे. एक किलो पाणी कातडीवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी सुप्त उष्णता घेऊन जाते. उष्णतेचा तिसरा हिस्सा या मार्गाने जायचा तर दीड लिटरहून अधिक पाणी अंगावर वाळायला हवे. चिखल हे काम साध्या पाण्यापेक्षा चांगले करतो, कारण पाणी निथळून जाते आणि चिखल अंगाला चिकटून हळूहळू वाळतो.

याचा आहाराशी संबंध काय? उकाड्यात डुक्कर खाणे कमी करते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलमध्ये कोंडलेल्या काळ्या डुकरासमोर उत्तम मिश्रण ठेवले तरी ते अर्धे टाकून देते. तेव्हा गोठ्यात सावली आणि अंग भिजवायला पाणी ठेवणे हाही खुराकाचाच भाग समजावा.

कोंडायचे तरी कशाला?

इतका खटाटोप करण्यापेक्षा डुकराला पूर्वीसारखे मोकळे सोडावे, असे तुम्हाला वाटले असेल. त्याला दोन कारणे आड येतात.

पहिले पट्टकृमीचे. गोव्यातील जुन्या घरांत शौचकूप आणि डुकरांचा वावर एकमेकांना जोडलेला असे. माणसाच्या आतड्यातील पट्टकृमीची अंडी विष्ठेतून डुकराच्या पोटात जातात, त्याच्या स्नायूंत त्यांच्या गाठी होतात आणि अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात नवा पट्टकृमी वाढतो. हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते असे की हीच अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांतून माणसाच्या पोटात गेली, तर गाठी माणसाच्या मेंदूत होतात आणि फेफऱ्यासारखे झटके येतात. त्यासाठी डुकराचे मांस खावे लागत नाही. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा रोग होऊ शकतो. डुकराला मानवी विष्ठेपासून दूर ठेवले की हे चक्र तुटते.

दुसरे कारण नवे आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा विषाणुजन्य रोग १९२१ मध्ये केनियातून प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला आणि पुढे ईशान्येतील इतर राज्यांतही पसरला. माणसाला तो होत नाही. पण डुकरांत शिरला की बहुतेक सगळी मरतात, आणि न मेलेलीही साथ थांबविण्यासाठी मारून पुरावी लागतात. गरीब घराची सारी पुंजी एका आठवड्यात जाते. हा विषाणू गोठविलेल्या किंवा खारवलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो. म्हणजे कोणा हॉटेलच्या किंवा लग्नाच्या उष्ट्यातील डुकराच्या मांसाचा एक तुकडा बादलीत आला तरी पुरे. मोकळे डुक्कर उकिरड्यावर तोच तुकडा खाते.

उष्टे घालायचेच असेल तर ते शिजवून घालावे. जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक असा आहे की उष्टे निदान ९० अंश सेल्सिअसला किमान ६० मिनिटे ठेवावे आणि ते सतत ढवळत राहावे. या ‘ढवळत’ शब्दाकडे लक्ष द्या. पातळ पाण्यात तळाचे गरम पाणी वर येते, वरचे थंड खाली जाते. अभिसरणाने सारे भांडे आपोआप एकसारखे तापते. भात, पेज, कोंडा, भाकरीचे तुकडे यांचा घट्ट रगडा मात्र जागचा हलत नाही. त्यात उष्णता जाते ती वहनाने, आणि फार हळू. तळाला करपते, कडेला बुडबुडे फुटतात, वाफा येतात, बघणारा म्हणतो उकळले; आणि मधला गोळा कोमटच राहतो. आत सापडलेला मांसाचा तुकडा कच्चाच.

हे काम स्वस्त नाही, हेही सांगायला हवे. २० लिटर पाण्याएवढे उष्टे २७ अंशांवरून १०० पर्यंत न्यायला १४६० किलोकॅलरी लागतात. एक किलो सुके जळण सुमारे ४००० किलोकॅलरी देते, पण तीन दगडांच्या चुलीत त्यातला आठवा हिस्सा भांड्यात जातो असे धरले तर हातात ५०० येतात. म्हणजे उकळी येईपर्यंतच तीन किलो लाकूड जळाले, वर तासभर धग ठेवायची ती वेगळी. त्या तीन किलो लाकडातली ऊर्जा आपल्या ८१ किलोच्या डुकरिणीच्या चार दिवसांच्या जगण्याएवढी आहे! साथीच्या काळात ‘उकळून घाला’ असे फलक लावणाऱ्यांनी हे जळण कोण आणणार हेही विचारात घ्यायला हवे. भांड्यावर झाकण आणि चुलीला बंद कडा, एवढ्याने बरेच लाकूड वाचते. ढवळण्यापुरतेच झाकण काढावे. बादलीत मांस-मासळी शिरूच दिली नाही आणि लायसिनसाठी सोयाबीनची पेंड वापरली, तर जोखीम पुष्कळ कमी होते. पण बाहेरच्या उष्ट्यात काय आहे याची खात्री कोण देणार? ते उकळावेच.

घट्ट रगडा किती हळू तापतो ते शाळेत सहज पाहता येईल. शिक्षकांना बरोबर घ्या. दोन सारखी पातेली घ्या. एकात एक लिटर पाणी आणि दुसऱ्यात तितक्याच वजनाची, तांदळाच्या पिठाची घट्ट, पूर्ण निवलेली पेज घाला. दोन्ही सारख्याच मंद आचेवर ठेवा. तापमापकाचा फुगा प्रत्येक पातेल्यात बरोबर मध्यभागी, तळाला न टेकता राहील असा टांगा आणि दर मिनिटाला आकडा लिहून घ्या. पाणी ९० अंशांवर पोहोचले की पेजेचा आकडा पाहा. मग पेज लाकडी पळीने तळापासून चार वेळा नीट ढवळा आणि लगेच पुन्हा आकडा घ्या. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा. ढवळल्याच्या मिनिटाला पेजेची रेषा कशी वळते ते त्यात दिसेल.